स्टेपेलिया, तिसरा मजला

आधी इलाबेन आल्या, पदर नाकाला लावून.
"उंदर मरी गयो लागे छे, तमारे त्यां."
मी म्हटलं, बघते.
कपाटं ओढली, गॅसची टाकी सरकवली,
माळ्यावरचा आकाशकंदील, पणत्यांचं खोकं, सगळं खाली घेतलं.
उंदीर नव्हता.
वास तर मला येतच नव्हता.

मला वास येत नाही.
चार वर्षं झाली, त्या तापापासून.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू,
आणि फाइल मिटली.
दूध उतू गेलेलं मी चर्र आवाजावरून ओळखते.
रातराणी कुंडीसकट वॉचमनला देऊन टाकली.
जे वहीत दिसत नाही ते शिल्लक धरू नये,
प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेबखात्यात
एकतीस वर्षं हेच तर केलं.

म्हणून मग डोळ्यांपुरती फुलं.
हत्तीच्या पायाचं अडेनियम.
वटवाघळासारखं काळं, लांब मिशांचं एक,
कलिंपाँगहून पार्सलने आलेलं,
बडोद्याच्या मे महिन्यात ओल्या गोणपाटाखालीही
उकडून मेलं.
आणि हे, फतेगंजच्या फ्रेनीबाईंनी दिलेलं,
गुजराती पेपरात गुंडाळलेली चार हिरवी बोटं.
"फूल बघशील तर गप्प बसशील," म्हणाल्या.
वासाचं काही बोलल्या नाहीत.
विसरल्या असतील,
किंवा मला सांगून काय उपयोग.

दोन वर्षं ते नुसतं बसून होतं.
आठवड्याला दोन चमचे पाणी. जास्त दिलं की कुजतं.
यंदा घट बसले त्या दिवशी कळी दिसली,
उकडीच्या मोदकासारखी, पाकळ्या घट्ट चिमटलेल्या.
सहाव्या माळेला, दुपारी,
मी भगर निवडत असताना ती उघडली.
पाच टोकं, माझ्या पंज्याहून मोठी,
पिवळट कागदावर तांबड्या शाईच्या आडव्या रेघा,
अगदी आमचं जुनं लेजर.
फक्त त्याला कडेने केस.

माश्या आल्या. साध्या नव्हेत,
मोरपंखी पैठणीच्या अंगाच्या.
एक मधोमध उतरली, फिरली, जागा पाहिली,
आणि अंडी घातली.
भगरीचे कण असावेत तशी, पांढरी, ओळीने.
उद्या अळ्या निघतील.
खायला तिथे काही नाही. नुसता वास आहे.
आई मात्र निर्धास्त उडून गेली.

इलाबेनचा जैमिन, वय वर्षं नऊ, बघायला आला.
मी म्हटलं, नीट सांग, कसा येतो?
"मेलेल्यासारखा."
ते झालंच. अजून?
"पप्पांचे मोजे."
अजून?
त्याने डोळे मिटले, मोठ्या माणसासारखे.
"पूर आलेला ना, विश्वामित्रीचा,
आणि पाणी पार्किंगमधून गेलं,
तेव्हा जिन्याखाली यायचा, तसा."

तेव्हा मात्र आलं.
वास नव्हे. जिन्याखालची ती ट्रंक,
झाकणापर्यंत चिखल,
आणि त्यात यांचा लग्नातला कोट.
तो मी सात वेळा धुतला, गच्चीवर सात वेळा वाळवला,
प्रत्येक वेळी नाकाशी धरून पाहिला, गेला का.
तेव्हा नाक होतं मला. हे नुकतेच गेले होते.
शेवटी कोट देऊन टाकला,
वास काही जाईना म्हणून.

इलाबेन म्हणतात, फेकी दो ने, माताजीना दिवस छे.
मी म्हटलं, दोन दिवसांचं तर फूल आहे.
घटाला काही मी ते वाहिलं नाही.
देवीला नाक असेल.

रात्री मैदानावर गरबा जोरात.
मी बाल्कनीतला दिवा मालवला, स्टूल ओढलं,
आणि चेहरा त्या लेजरात घातला.
केस वरच्या ओठाला लागले. थंड.
श्वास घेतला. काही नाही.
पुन्हा घेतला, पोटापर्यंत.

वर कुणीतरी खिडकी धाडकन लावली.
चला,
येतोय म्हणजे.